मला सरपंच व्हायचं होतं: ग्रामपंचायतीच्या फॉर्मपासून व्हॅलिडिटीपर्यंत

निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या बाईला गावात एक वाक्य पाठ असावं लागतं: "मला काही हौस नव्हती, लोकांचाच आग्रह होता." माझ्या बाबतीत लोकांचा आग्रह नव्हता. मला सरपंच व्हायचं होतं. शिलाईच्या दुकानात बसून आणि बचत गटाच्या बैठका घेऊन गावातली निम्मी घरं मला आतून माहीत झाली होती. पाण्याची टाकी कुठे गळते आणि ती दुरुस्त करायला कोण आडवा येतो, हेही माहीत होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्या खुर्चीत बसायचीच इच्छा होती. पुरुषाने असं म्हटलं तर तो महत्त्वाकांक्षी, बाईने म्हटलं तर तिला हाव सुटली. मी कोणाशी वाद घातला नाही, पण खोटंही बोलले नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीचं. निम्मी कर्ती माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, तमिळनाडू-केरळापासून उत्तरेपर्यंत विखुरलेली, उरलेली मुंबईत माथाडी. आमचे हे पण गलाईवालेच. त्यामुळे फॉर्म भरण्यापासून सगळं मी आणि सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, निभावलं. गूगलवर शोधलं की कायद्याची कलमं सापडतात, पण कुठल्या खिडकीपाशी आधी जायचं ते कोणी लिहीत नाही. म्हणून हे लिहितेय.

करोनामुळे 2020 मधल्या निवडणुका पुढे गेल्या आणि गावावर प्रशासक आला. डिसेंबरात कार्यक्रम जाहीर झाला: अर्ज 23 ते 30 डिसेंबर, छाननी 31 ला, माघार 4 जानेवारीला दुपारी तीनपर्यंत, मतदान 15 जानेवारी 2021, मतमोजणी 18 ला. त्यात 25, 26, 27 सुट्ट्या. म्हणजे अर्जाला हातात खरे पाचच दिवस. तेव्हा सरपंच निवडून आलेल्या सदस्यांतूनच निवडायचे, आणि यावेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढणार होते. आपण निवडून आलो तरी ते पद आपल्याला मागता येईल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. गावातल्या दोन-तीन जुन्या पुढाऱ्यांचा उत्साह त्यामुळे तिथेच मावळला. माझ्या पथ्यावर पडलं. सोडत आधी झाली असती आणि पद खुलं निघालं असतं, तर पॅनेलमध्ये मला जागाच मिळाली नसती.

मला मिळाली ती जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला, म्हणजे ओबीसी स्त्री. आम्ही माळी. इथून खरी कसरत सुरू झाली.

ज्यांना राखीव जागेवरून लढायचंय त्यांनी हे नीट वाचा. लग्न झालेल्या बाईची जात वडिलांकडून बघतात. दाखला माहेरच्या नावाने, पडताळणीही माहेरच्या कागदांवर. सासरचे सातबारे, नवऱ्याची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र), यातलं काही चालत नाही. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाचा तरी जात लिहिलेला पुरावा लागतो. (अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961.) माझे आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते. वडिलांचा शाळेचा दाखला होता, पण त्यात जातीचा रकाना कोरा.

माहेरच्या तालुक्याला तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मागितला. जुने लोक याला कोतवाल बुक म्हणतात. कोतवाल गावातले जन्म-मृत्यू नोंदवायचा आणि नावापुढे जात लिहायचा. अर्ज, नकलेची फी, मग थांबा. नोंदवही इतकी जीर्ण की पान उलटायला क्लार्क दोन्ही हात लावत होता. आधीची काही पानं मोडी लिपीत होती. मोडीतली नोंद सापडली तर ती जाणकाराकडून देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावी लागते आणि त्यात आणखी आठवडे जातात. सुदैवाने वडिलांच्या जन्माची नोंद देवनागरीत निघाली: आजोबांचं नाव, गाव, जात, सगळं एका ओळीत. निवडणुकीसाठी म्हणून गेले होते, पण त्या ओळीचा फोटो काढून भावाला पाठवताना डोळे भरून आले. आजोबांच्या हयातीचा आमच्याकडे तोच एक कागद आहे.

मग नावाचा घोळ. दाखल्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं, आधारवर सासरचं पण मधलं नाव चुकीचं. या दोन्ही बायका एकच, हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. आमचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, तेव्हा ते काम तिथेच झालं: लग्नपत्रिका, दोघांचे फोटो, तीन साक्षीदार. यांना त्यासाठी सुट्टी काढून यावं लागलं. लग्नाला पंधराहून जास्त वर्षं झाल्यावर पुन्हा शेजारी शेजारी बसून सह्या करताना आत्या म्हणाल्या, "आता तरी जेवण घाला की गावाला." आचारसंहितेत जेवण घालता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

हे सगळं मी दिवाळीच्या आधीच सुरू केलं होतं, म्हणून निभावलं. आमच्या निवडणुकीत अर्जाच्या वेळी व्हॅलिडिटी हातात नसली तरी चालत होतं. जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव दाखल केल्याची पोच आणि निवडून आल्यापासून बारा महिन्यांत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडायचं. पण ती पोच मिळायलासुद्धा जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं आणि निवडणूक लागली की तिथे सगळा जिल्हा लोटतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या आवारात झाडाखाली बसून फॉर्म भरणारी माणसं बघितली आणि मनात म्हटलं, सुटले.

बाकीची कागदपत्रं गावातच मिळतात, पण ती एका माणसाच्या सहीवर. ग्रामसेवकाकडून घर-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, घरी शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला, ग्रामपंचायतीचा ठेका आपल्या नावावर नसल्याचा दाखला. आमच्या ग्रामसेवकाकडे दोन गावांचा कारभार होता, त्यामुळे तो आज कुठल्या गावात सापडेल याची चौकशी सकाळी सातला सुरू व्हायची. एक टिप: घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर असली तरी भरून पावती जवळ ठेवा. एकत्र कुटुंब असेल तर समोरचा त्यावरच बोट ठेवतो.

1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पासचा पुरावा लागतो. मला लागला नाही, पण आमच्या पॅनेलमधल्या एका मुलीला लागला. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलांमुळे संख्या दोनच्या वर गेली असेल, तर उभं राहता येत नाही. या एका अटीने गावातल्या कितीतरी हुशार बायका आधीच बाजूला पडतात, आणि तिसरं मूल हवं की नको हे ठरवताना त्यांना विचारलेलं तरी असतं का, हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेच नाही.

निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं काढावं लागतं. तेही आधीच काढा. ऐनवेळी बँकेत गेलात तर "चार दिवसांनी या" हे ठरलेलं उत्तर. सूचक आपल्याच प्रभागातला मतदार हवा. माझ्या सूचक माझ्याच गटातल्या एक काकू. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बँकेबाहेर कुठेतरी सही केली.

फॉर्म ऑनलाइन भरून, प्रिंट काढून, सही करून तहसीलला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. 28 तारखेला सगळ्या महाराष्ट्राने एकदम फॉर्म भरायला घेतला. साइट पानागणिक अडकायची. सेवा केंद्रात रात्री बारापर्यंत आम्ही रांगेत होतो. केंद्रवाला पोरगा डोळे चोळत म्हणायचा, "ताई, घोषणापत्राच्या पानापर्यंत आलंय, आता कुणी मोबाइल लावू नका," जणू आमच्या मोबाइलमुळेच सर्व्हर पडत होता. माझा फॉर्म पहाटेकडे निघाला. पुढे राज्य निवडणूक आयोगाने ऑफलाइन अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि 30 तारखेची वेळ संध्याकाळी साडेपाचपर्यंत वाढवली, तेव्हा बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला.

अनामत राखीव प्रवर्गाला 100 रुपये, सर्वसाधारणला 500. लोकांना वाटतं इथेच मोठा पैसा लागतो. अनामत हा यातला सगळ्यात स्वस्त भाग. घोषणापत्रात मात्र मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं लिहायचं असतं आणि ते बाहेर लावतात. माझं सोनं किती, सोसायटीचं कर्ज किती, हे दुसऱ्या दिवशी पारावर चर्चेला होतं. त्याची तयारी मनाने करून ठेवा. एकही रकाना कोरा सोडू नका. जिथे काही नाही तिथे "निरंक" लिहा.

31 डिसेंबरच्या छाननीला माझ्यावर हरकत आली: सासऱ्यांचा गोठा गायरानात आहे. सरकारी जागेवर अतिक्रमण असलेला माणूस अपात्र ठरतो, आणि 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अतिक्रमण कुटुंबातल्या माणसाचं असलं तरी अडचण येते. मला याची कुणकुण आधीच लागली होती. दुकानात ब्लाऊज टाकायला आलेल्या बायकाच अशा बातम्या आणतात. त्यामुळे सातबारा, मोजणीचा नकाशा आणि नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा उतारा पिशवीत होता. हरकत घेणाऱ्याकडे तोंडी आरोपापलीकडे काही नव्हतं. अधिकाऱ्यांनी दोघांचं ऐकलं, कागद पाहिले, अर्ज वैध ठरवला. हे सगळं व्हायला फार वेळ लागला नाही, पण त्याआधी नाव पुकारेपर्यंत बाहेर थांबताना हात गार पडले होते. छाननीला स्वतः जा, सगळ्या मूळ कागदांसकट. दुसऱ्याला पाठवू नका.

मग माघारीपर्यंतचे दिवस. या दिवसांबद्दल कुठेच लिहिलेलं नसतं. बिनविरोध करा, गावाला निधी मिळेल, असं सांगणारे येतात. भावकीतले वडीलधारे येतात. "पोरी, तुझ्या सासऱ्याचं आणि त्यांचं चांगलंय, कशाला वाकडं?" त्याच काळात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं गाजत होतं. पुढे आयोगाने त्या दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. आमच्याकडे बोली वगैरे नव्हती, नुसता चहा होता. पण चहा पिऊन झाल्यावर प्रत्येक जण हेच विचारायचा की यांना विचारलंय का. मी यांना फोन लावून स्पीकरवर ठेवायचे. हे म्हणायचे, "तिचं ती बघंल." या तीन शब्दांनी माझं निम्मं काम केलं. ज्यांना घरातून असे शब्द मिळणार नाहीत त्यांनी आधी घरातली माघार-पुढार उरकून घ्यावी, मग तहसीलची पायरी चढावी.

चिन्हात पक्षाचं काही नसतं, मुक्त चिन्हांतून मिळतं. मला शिलाई मशीन हवं होतं, पॅनेलला कपबशी, आणि हातात पडली छत्री. बॅनरवरून थोडं वाजलं. छपाईवाल्याने सवयीने माझा फोटो लहान, यांचा मोठा आणि वर नेत्यांची रांग असं डिझाइन केलं होतं. मी माझा एकटीचा फोटो मोठा घ्यायला लावला. तो म्हणाला, "वहिनी, असं कुणी करत नाही." म्हटलं, पैसे कोण देतंय? त्या फोटोत मी कशी दिसावी यावर मी बराच विचार केला, हे कबूल करायला लाज वाटत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा का, चष्मा ठेवायचा का, हसायचं किती. शेवटी दुकानात बसते तशीच, गळ्यात टेप घेऊन काढला. रोज आरशात बघत होते त्या बाईला गाव आता सत्ता मागणारी म्हणून बघणार होतं, आणि मलाही तिची सवय व्हायला वेळ लागला. "नमस्कार, मी छत्रीवाली" हे वाक्य पहिल्या दहा घरांत माझ्याच तोंडात अडकत होतं.

नऊ सदस्यांच्या गावात सदस्याला खर्चाची मर्यादा तेव्हा 25 हजार होती. बॅनर, पत्रकं, झेरॉक्स, रिक्षावरचा स्पीकर, कार्यकर्त्यांचा चहा-वडापाव धरून माझे अठरा हजारांच्या आसपास गेले. त्यातले बरेच माझ्या दिवाळीच्या शिलाईचे. रोजचा खर्च त्याच दिवशी वहीत लिहा, पक्की बिलं घ्या. गलाईवाल्या मतदारांना आणायला गाड्या येतात, त्या कोणी केल्या ते गावाला ठाऊक असतं. हिशोबाच्या वहीत त्या कोणाच्याच नसतात.

मतदानाच्या आदल्या दिवशी संक्रांत आली. बाई उमेदवाराला याहून अवघड सण नाही. हळदीकुंकू केलं तर वाण म्हणजे आमिष, नाही केलं तर "एवढी मोठी झाली का?" मी सगळ्यांना सांगितलं की माझं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आत, निकालानंतर. दुसऱ्यांच्या घरी गेले, तीळगूळ घेतला, मत मागितलं नाही. मागायची गरजही नव्हती.

आमच्या प्रभागात तीन जागा, म्हणजे एका मतदाराला तीन बटणं दाबायची. म्हाताऱ्या बायका एक बटण दाबून बाहेर पडायला निघतात आणि यंत्र अडून बसतं. आम्ही पुठ्ठ्यावर नमुना करून घरोघर दाखवला. जागेच्या प्रवर्गाप्रमाणे मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, ओबीसीचा पिवळसर. "पांढऱ्यावर अमुक, पिवळ्यावर छत्री" हे वाचता न येणाऱ्या बायकांनाही लक्षात राहतं. भाषणांपेक्षा या पुठ्ठ्याने जास्त मतं दिली असं माझं मत आहे.

18 तारखेला तालुक्याला मोजणी. आमचा प्रभाग काही मिनिटांत उरकला. मी थोडक्या मतांनी आले. आमचे पाच, समोरचे चार. गुलाल उधळण्यात मी होते, आनंदही झाला, पण डोक्यात सोडत होती.

सोडतीत सरपंचपद सर्वसाधारण निघालं. म्हणजे नऊ जणांपैकी कोणीही. पॅनेलचे आबा म्हणाले, "खुलं आहे, तेव्हा खुल्यातला गडी करू. तुम्हाला उपसरपंच." सभ्यपणे म्हणाले, वाईट वाटावं असं काही नव्हतं. त्याच रात्री समोरच्या गटाचे दोघे घरी आले. सरळ बोलले: तुम्ही अर्ज भरा, आमची चार मतं तुमची. चार आणि एक पाच.

त्या रात्री झोप लागली नाही. आत्या शेजारी पडल्या होत्या. पहाटे त्यांनी विचारलं, "तुला पाहिजे का?" मी म्हटलं, पाहिजे. "मग आबाला सांग की तसं." सकाळी आबांच्या ओट्यावर जाऊन मी रात्रीचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, मला तिकडे जायचं नाही, पण अर्ज मी भरणार आहे. पॅनेलकडून भरायचा की तसाच, ते तुम्ही ठरवा. आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग कोणाकोणाला फोन झाले, रुसवे झाले, आणि उपसरपंचपद त्या गड्याकडे गेलं. हे दबावाचं राजकारण होतं का? होतं. राजकारणात दुसरं कुठलं असतं ते मला अजून दिसलेलं नाही.

फेब्रुवारीत पहिली सभा झाली. अध्यासी अधिकारी, म्हणजे सभा चालवणारे अधिकारी येतात, सभेच्या आधी दोन तास अर्ज घेतात, छाननी, माघारीला थोडा वेळ, मग गरज पडली तर मतदान. एकाही सदस्याने मागितलं तर ते गुप्त होतं. माझ्याविरुद्ध अर्ज आला नाही. आमच्याएवढ्या गावाच्या सरपंचाला तेव्हा मानधन महिना 4000 रुपये होतं. जे लोक यात पैसा आहे म्हणून उतरतात, त्यांचं गणित वेगळ्या वहीत असतं.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब तहसीलला द्यायचा असतो, निवडून आलेल्यांनीही आणि पडलेल्यांनीही. न दिल्यास ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. पडलेले उमेदवार इथेच अडकतात, कारण त्यांचं मन त्या वहीतून उठलेलं असतं. देऊन टाका आणि पोच घ्या.

माझी व्हॅलिडिटी मात्र लोंबकळत राहिली. सरपंचपद खुलं असलं तरी माझी सदस्याची जागा राखीव, म्हणून मुदतीत प्रमाणपत्र नाही दिलं तर दोन्ही जाणार. मध्ये करोनाची दुसरी लाट आली, कार्यालयं अर्ध्या माणसांवर चालली. समितीने त्रुटी काढली, ती पुरवली. मग दक्षता पथकाची चौकशी लागली: माहेरी जाऊन शेजारीपाजारी विचारपूस, कुलदैवत कोणतं, सोयरीक कोणात. चुलत्यांनी उत्तरं दिली. मी गावात विलगीकरण कक्षाची सोय बघत होते आणि रात्री घरी आल्यावर मोबाइलवर अर्जाची स्थिती. ज्या खुर्चीसाठी एवढं केलं तीत बसूनही पूर्ण बसल्यासारखं त्या वर्षात वाटलं नाही. पावसाळ्यानंतर प्रमाणपत्र हातात आलं. त्याच दिवशी तहसीलला प्रत दिली आणि मूळ प्रत लॅमिनेट केली नाही. तुम्हीही करू नका, पुढे पडताळायला अडचण येते.

आता पुढच्या निवडणुकीची बोलणी सुरू झाली आहेत. 2022 पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडतात, म्हणजे आबांच्या ओट्यावरचं गणित संपलं, सगळ्या गावाची मतं लागणार. नऊ सदस्यांच्या गावात सरपंचपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 2022 मध्ये 50 हजार होती. उभ्या राहणाऱ्या बायकांनी आरक्षणाची वाट न बघता विवाह नोंदणी, आधारवरचं नाव आणि वडिलांकडचा जुना पुरावा या तीन गोष्टींना आजच हात घालावा. माझ्या गावातली कोणी हे वाचत असेल आणि माझ्याविरुद्ध उभी राहणार असेल, तर तिलाही हेच सांगते: कोतवाल बुकाचा अर्ज शक्यतो सोमवारी सकाळी करा, तेव्हा क्लार्क जागेवर असतो.